गोठ्यातून हायवेवर

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांमधून हिंडताना एखाद्या घरामागे सिमेंटचा बसका घुमट दिसतो. अंगावर शेवाळ, कडेने माजलेला टाकळा, माथ्यावर गॅसच्या नळीचं गंजलेलं तोंड. हा गोबरगॅस. बंद का पडला असं विचारलं, तर टाकी फुटली, नळी कुजली असलं उत्तर फारसं येत नाही. गुरंच नाहीत, असं सांगतात. आणि गुरं का नाहीत, याचं उत्तर त्याहून आखूड : माणसं नाहीत.

कचऱ्यापासून ऊर्जा या विषयावर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक यंत्रांबद्दल असतं. कोणती टाकी चांगली, कुठल्या कंपनीचा प्रकल्प किती टनांचा, कुठल्या मंत्र्याने फीत कापली. महाड-पोलादपुरात उभं राहून पाहिलं की यंत्राचा प्रश्न जुनाच आणि बराचसा सुटलेला वाटतो. अडलं आहे ते यंत्राला रोज खायला घालणाऱ्या हातांपाशी.

यंत्राचा हा प्रश्न किती जुना, तर सव्वाशे वर्षांचा. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. (हे तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सोबतीने मराठी पोवाडे जमवून छापले. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचा म्हणून ज्याचा अभिमान सांगितला जातो त्या तानाजी मालुसऱ्यावरचा शाहीर तुळशीदासाचा पोवाडा त्याच संग्रहात आहे.) या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू धरून कामाला लावला गेला. भारतातल्या बायोगॅसचा इतिहास सांगताना सगळे याच आश्रमापासून सुरुवात करतात. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे आलं ते गोठ्यातून नाही, संडासातून आलं.

संडासाचं नाव निघालं की कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांना टाळून पुढे जाता येत नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग केले, स्वतः मैला उचलला, आणि हे काम जातीवरून उतरवून सगळ्यांच्या अंगावर टाकायचा हट्ट धरला. तोच धागा पुढे देहूत डॉ. सु. वि. मापुस्करांनी उचलला. १९५९ मध्ये ते सरकारी डॉक्टर म्हणून देहूला गेले आणि औषधांपेक्षा संडास महत्त्वाचे हे ओळखून तिथेच राहिले. संडासाला जोडलेली त्यांची ‘मलप्रभा’ बायोगॅस टाकी प्रसिद्ध आहे. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात मैल्यावर स्वयंपाक करायला लोकांना राजी करणं हे यंत्र बांधण्याहून कितीतरी अवघड काम होतं, असं मला वाटतं.

शेणाची टाकी मात्र सरकारी वाटेने आली. जशभाई पटेलांनी बसवलेला तरंगत्या लोखंडी टाकीचा नमुना साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने उचलला आणि देशभर नेला. कोकणच्या पावसाने त्या लोखंडाचं काय केलं असेल हे सांगायला नको. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला, १९८४ मध्ये लोखंड टाळणारा, विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधू’ नमुना आला. वाड्यांमागचे घुमट त्यानंतरचे. घरगुती बायोगॅसच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे, आकडा नऊ लाखांच्या घरातला. हा बांधलेल्यांचा आकडा आहे.

आता टाकीचा हिशेब मांडू. ढोबळमानाने २५ किलो शेणातून एक घनमीटर गॅस निघतो. चार-पाच माणसांच्या घराला दिवसाला सव्वा ते दीड घनमीटर लागतो. म्हणून दोन घनमीटरची टाकी बांधायची आणि तिला रोज ५० किलो शेण द्यायचं. सरकारी पत्रकात त्यासाठी चार-पाच जनावरं पुरतात. पण पत्रकातलं जनावर दावणीला बांधलेलं, पेंड खाणारं, थोराड असतं. सह्याद्रीच्या उतारावरची गाय अंगाने लहान. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची वेगळी जात म्हणून नोंद २०१८ मध्ये झाली, इतकी ती दुर्लक्षित. ती दिवसभर रानात चरते, निम्मं शेण तिथेच पडतं आणि सकाळी गोठ्यात हाताला लागतं ते पाच-सहा किलो. म्हणजे टाकी भरायला नऊ-दहा गुरं हवीत. एवढी गुरं आज पोलादपुरात कुणाकडे आहेत? २०१९ च्या पशुगणनेत देशभरातलाच देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटलेला दिसला.

दुसरा हिशेब सिलिंडरचा. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. तेवढी आच शेणातून मिळवायला सुमारे ८०० किलो शेण कालवावं लागतं. कालवायचं म्हणजे कसं? सकाळी गोठा काढून शेण घमेल्याने कुंडीत टाकायचं, तितकंच पाणी ओतायचं, कोपरापर्यंत हात घालून गोळे फोडायचे. गवताच्या काड्या आणि खडे वेचून काढायचे, मग बोळा उपसला की काला घरंगळत आत जातो. काड्या राहिल्या तर आत त्यांची जाड साय धरते आणि गॅस अडतो. पावसाळ्यात नळीत पाणी साठतं. ते काढून टाकलं नाही तर शेगडी फुरफुरून विझते. थंडीत गॅस कमी पडतो, कारण आतले जिवाणू गारठतात. काम अर्ध्या-पाऊण तासाचं, पण त्याला सुट्टी नाही. घरातली म्हातारी महिनाभर मुंबईला लेकाकडे गेली की जिवाणू उपाशी, आणि परत आल्यावर टाकी पूर्वीसारखी चालायला कितीतरी दिवस जातात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा सिलिंडर दारात आला तेव्हा बाईमाणसाने सुटकेचा श्वास टाकला असेल, तर तिला दोष कोण देणार? गॅस संपला की पुन्हा तीन दगडांची चूल आहेच.

आणि शेण ‘टाकाऊ’ असतं ही समजूत शहरातली. महाड-पोलादपुरात शेण, पालापाचोळा, वाळकं गवत यांना पूर्वापार एक मालक आहे : राब, म्हणजे रोपांची जमीन भाजणं. ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून कवळ आणायची. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, वरून ढेकळं फोडून चाळल्यासारखी बारीक माती. वारा पडला की संध्याकाळी वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. तो भडकायला नको, धुमसायला हवा. रात्रभर धुमसलं की तणाचं बी जळतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते आणि लावणीच्या वेळी रोपं मुळासकट अलगद उपटून येतात. कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर रोपं करा असं सांगत आलं आहे, पण ज्याने चिखलात वाकून रोपं उपटली आहेत त्याला भाजलेल्या मातीचं मोल कळतं.

गोबरगॅसवाला इथे आला की शेतकऱ्याला वाटतं, हा आपलं राबाचं शेण मागतोय. खरं तर टाकी शेण खात नाही, त्यातला गॅस तेवढा काढून घेते आणि नत्र शाबूत ठेवून स्लरी परत देते. राबात नेमकं उलटं होतं, नत्र धुरावाटे जातं. पण स्लरी पातळ असते. ती घमेल्याने डोंगरउतारावरच्या शेतात कोण नेणार? शेणाची पाटी डोक्यावरून जाते, स्लरी गळते. असल्या बारीक गोष्टींपाशी योजना थबकतात, आणि अहवालात त्यांना ‘जनजागृतीचा अभाव’ असं नाव पडतं.

कोकणात शेणाचा गॅस चालतच नाही असं मात्र नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या झारापला डॉ. प्रसाद देवधरांच्या भगीरथ प्रतिष्ठानने हजारो घरांत बायोगॅस पोचवला. तिथे गॅस एकटा येत नाही. गाई-म्हशी, दूध, परसबाग यांच्या गोतावळ्यात येतो. माणूस घरात थांबण्याचं कारण दूध असतं, गॅस त्यावरचा लाभ. पोलादपुरात ते कारण उरलेलं नाही. इथला कर्ता माणूस मुंबईत असतो आणि गणपती-शिमग्याला चाकरमानी म्हणून येतो. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटलीच. गोठे रिकामे होण्यामागे हीच गोष्ट आहे.

मग इथला कचरा गेला कुठे? तो घाट उतरून हायवेवर आला.

मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूरवरून जातो. पोलादपुरातून एक फाटा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, आणि महामार्ग पुढे कशेडी घाटाकडे जातो. एसटी, खासगी बस, ट्रक, सगळे या पट्ट्यात चहा-जेवणाला टेकतात. शिवाय २० मार्चला चवदार तळ्यावर, ६ जूनला रायगडावर लोटणारी गर्दी, शिवथरघळीची वर्दळ, एमआयडीसीतल्या कारखान्यांची कॅन्टीनं, महाडची मासळी आणि भाजी. शंभर वाड्यांत विखुरलेलं शेण एका जागी आणता येत नाही. पण हॉटेलचं उष्टं-खरकटं आधीच एका पिंपात जमा असतं, आणि तिथे पगारी माणूसही असतो.

शिवाय ते शेणापेक्षा सकस. शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा; भात, डाळ, चपाती म्हणजे न वापरलेलं सत्त्व. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली. पिठूळ पदार्थ दोन किलो दिले तर साधारण अर्धा किलो मिथेन मिळतो. त्यासाठी शेण ४० किलो लागलं असतं, आणि शेणाला ४० दिवस लागतात तिथे हे काम दिवसाच्या आत होतं, असं त्यांचं मांडणं. दोन प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या कापून, एक दुसरीत उपडी घालून त्यांनी शहरी घराच्या गच्चीत मावणारं संयंत्र केलं. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला विरजण म्हणून थोडं शेण लागतंच, कारण हे जिवाणू गाईच्या पोटातलेच.

हॉटेलचं गणित करून पाहू. ओल्या खरकट्यातून दहा किलोला एक घनमीटर गॅस धरला, तर रोज ५० किलो खरकटं असलेल्या हॉटेलला पाच घनमीटर मिळेल. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची आच म्हणजे सुमारे ४२ घनमीटर. आठ-नऊ दिवसांनी एक सिलिंडर वाचला. मालक हे गणित तुमच्याआधी करून बसलेला असतो. त्याची अडचण दुसरीच. मोरीपाशी ताटं झटकणारा पोऱ्या त्याच पिंपात लिंबाच्या साली, हाडं, पेपर नॅपकिन, सॉसच्या पुड्या आणि प्लास्टिकचे चमचे ढकलतो. गणपतीत गर्दी चौपट झाली की टाकीत चौपट खरकटं जातं, आतलं द्रावण आंबट होतं, मिथेन करणारे जिवाणू मान टाकतात आणि टाकीला वास सुटतो. मग खायला देणं थांबवायचं, चुन्याची निवळी घालायची, धीर धरायचा. धंद्याच्या दिवसांत धीर कुणाला आहे?

मोठ्या प्रमाणावर याचं उत्तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ या संयंत्रातून शोधलं. त्यात कचरा आधी दळतात, मग पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रिय जिवाणूंकडून तो अर्धा पचवतात, आणि त्यानंतर मिथेनच्या टाकीत सोडतात. आंबटपणाचा टप्पा वेगळा काढल्याने दुसरी टाकी सुखी राहते. आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरानला असा प्रकल्प झाला. मोटारींना बंदी असलेल्या डोंगरावरून हॉटेलांचा कचरा खाली आणणं महाग, म्हणून तिथल्या तिथे जिरवणं परवडणारं. मला मात्र निसर्गऋणच्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुंबईत हे प्रकल्प चालवायला स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना तयार केलं. ‘मुलगी झाली हो’ लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांची ही संघटना. ज्या बायकांना कचऱ्यातलं काय कशाचं हे हाताला कळतं, त्याच यंत्रावर आल्या. अभियंत्याला जे पत्रकात लिहून द्यावं लागतं ते त्यांच्या बोटांत होतं.

वेगळं करण्याची ही अक्कल ऐनवेळी येत नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, सावित्री नदीला पूर आला आणि महाड बुडालं. तळीये गावात दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गाळ, भिजलेलं धान्य, गाद्या, औषधं, फर्निचर, प्लास्टिक असं एकजीव होऊन पडलं होतं. त्यात जळणारं होतं, कुजणारं होतं, पण एकातून दुसरं सोडवणं अशक्य. तो सगळा माल उचलून टाकण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

आता तेल. हायवेवरच्या वड्याच्या कढईत दिवस कलताना पाहावं. तेल काळपट, जाडसर झालेलं. घाणा सोडला की बुडबुडे फुटायच्याऐवजी पिवळट फेस चढतो आणि पुरतं तापण्याआधीच धूर निघतो. २०१८ च्या जुलैपासून नियम आहे की तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला लागतं त्यांनी नोंद ठेवायची आणि जळकं तेल अधिकृत संकलकाला द्यायचं. व्यवहारात मोठ्या हॉटेलचं जळकं तेल लहान गाडीवाला स्वस्तात घेतो आणि ते पुन्हा आपल्याच पोटात येतं. म्हणून इथे कचऱ्यापासून इंधन हा पर्यावरणाच्या आधी तब्येतीचा मामला आहे.

या तेलाचं बायोडिझेल करणं ही रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यातली गोष्ट : मिथेनॉल, थोडा कॉस्टिक, ऊब आणि ढवळणं. वर बायोडिझेल तरंगतं, खाली ग्लिसरीन बसतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या एमआयडीसीत हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागणार नाहीत. रिॲक्टरवर रात्रपाळी करणारी माणसं गावोगाव आहेत. तेल ओतायला पिंपं आणि गोळा करायला टेम्पो नाही, एवढंच. आज याच जळक्या तेलाला विमानकंपन्यांचीही मागणी आहे, कारण त्यापासून विमानाचं इंधन होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने पुरवलेलं देशी जैवइंधन (ते जळक्या तेलाचं नव्हतं) मिसळून १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली विमान उडालं. पोलादपूरच्या वड्याचं तेल विमानात जायचं तर आधी ते कढईतून टेम्पोत यायला हवं.

प्राजचंच तंत्र वापरून पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं : क्षमता वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल. भाताचा पेंढा आपल्याकडेही आहे, मग इथे का नको, असा प्रश्न सभांमधून येतो. उत्तर सोपं आहे. हरियाणा-पंजाबात पेंढा शेतातच पेटवून देतात, तो तिथे खरोखर कचरा आहे. इथे पेंढ्याची उडवी रचतात. तो उरल्यासुरल्या गुरांचा वर्षाचा चारा. आणि डोंगरातल्या चिंचोळ्या शेतांतून तो गोळा करायला जेवढं डिझेल जाळावं लागेल तेवढं इथेनॉल निघेलच असं नाही.

उरतो कारखान्यांच्या बॉयलरचा विषय. भुसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या ब्रिकेटला धंद्यात पांढरा कोळसा म्हणतात, आणि दगडी कोळशाला तो चांगला पर्याय आहे. मला इथे भीती वाटते. रायगड जिल्ह्यातल्या कातकऱ्यांनी कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्या घालवल्या, उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून. तिथले डोंगर कुणाच्या इंधनासाठी उघडे पडले हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या, त्याही याच प्रकारच्या कोळशावर. बॉयलर जर टनामागे भाव देऊ लागला, तर पातेरा आधी जाईल, मग फांद्या, मग बुंधे, आणि कागदावर या सगळ्याला ‘बायोमास’च म्हटलं जाईल. पांढरा कोळसा गिरण्या-वखारींच्या भुशाचा असेल तर जरूर घ्यावा. पावसाळ्यात जे उतार सुटून खाली येतात त्यांच्यावरचं काटेरी झुडूपही घेऊ नये.

म्हणून माझ्या मते या दोन तालुक्यांत काम करण्यासारखी जागा हायवेचा पट्टा आणि महाड शहर. टाक्या मध्यम आकाराच्या, चार-सहा हॉटेलांमागे एक; तेलाची पिंपं वेगळी; स्लरी खालच्या सपाट शेतांत, जिथे ती टँकरने नेता येते. पैशाची वाट नाही असंही नाही. गोबरधन योजनेत स्वच्छ भारत अभियानातून जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत देण्याची तरतूद झाली. ते बांधकामाला. रोज सकाळी खरकट्यातून चमचे वेचणाऱ्या आणि द्रावण आंबट झालं की ओळखणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही, आणि प्रकल्प बंद पडतात ते तिथेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला, त्यात घरोघरच्या कचऱ्याची विल्हेवाट येत होती. ग्रामपंचायतीने आराखडा करताना टाकीच्या ओळीखाली त्या बाईच्या पगाराची दुसरी ओळ लिहायला हवी, आणि हॉटेलवाल्यांकडून वाचलेल्या सिलिंडरांमागे काही रक्कम त्याच खात्यात वळती करून घ्यायला हवी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामसभेत ठराव मांडणारा कुणीतरी गावात हजर असला म्हणजे झालं.